आवडतं पुस्तक कसं निवडायचं?

आजचं वाचन : लूक 10:38-42



"बायबलमधलं तुझं आवडतं पुस्तक कोणतं?" आमच्या मीरा रोडच्या यूथ संगतीत हा प्रश्न निघाला की उत्तरं जवळपास ठरलेली असतात. स्तोत्रसंहिता, नीतिसूत्रे, फिलिप्पैकरांस पत्र. यात काही वावगं नाही. ऑफिसमधून दमून येताना लोकलमध्ये कडी धरून मोबाईलवर वाचायला 23 व्या स्तोत्रासारखं दुसरं काय आहे? पण आवडत्या पुस्तकाने आपल्याला फक्त धीरच द्यायचा, की आपल्याकडून काही मागायचंही?

आज पंडिता रमाबाईंचं उदाहरण पाहू. 1880 मध्ये लग्न होऊन त्या आसामात सिल्चरला राहायला गेल्या. तिथे घरातल्या पुस्तकांत त्यांना एक छोटंसं पुस्तक सापडलं : बंगाली भाषेतलं लूककृत शुभवर्तमान. ते घरात कुठून आलं हेही त्यांना आठवत नव्हतं. म्हणजे निवड अशी काही झालीच नव्हती. जे पुस्तक हाती आलं, ते त्यांनी मन लावून वाचलं. संस्कृत शास्त्रांचा इतका अभ्यास असूनही स्त्रियांच्या उद्धाराचं काय, हा प्रश्न त्यांना छळत होता. लूक वाचल्यावर ख्रिस्ताविषयी जाणून घ्यायची ओढ लागली. पुढे इंग्लंडमध्ये योहानाच्या 4 थ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री त्यांना भेटली आणि 1883 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मला स्वतःला लूक आवडतो तो त्याच्या पहिल्या चार ओव्यांपासून. सगळं मुळापासून तपासून क्रमवार लिहितोय, असं तो थियफिलाला आधीच सांगून टाकतो. इंजिनिअरला आणखी काय हवं! आणि या नीटनेटक्या अहवालात तो कोणाकोणाला जागा देतो ते बघा. 18 वर्षं कंबरेत वाकलेली बाई. न्यायाधीशाचा पिच्छा न सोडणारी विधवा. दोन टोल्या टाकणारी विधवा. आणि आजच्या वाचनातली मरीया, प्रभूच्या चरणांशी शिष्यासारखी ऐकत बसलेली. मार्था तिला कामाला बोलावते, पण प्रभू तिची जागा तिच्याकडून काढून घेत नाही.

रमाबाईंनी तीच जागा इतर बायकांनाही मिळवून दिली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळात होरपळलेल्या मुली आणि विधवा आल्या. त्यांना साध्या मराठीत वचन वाचता यावं म्हणून रमाबाई इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबलचं भाषांतर केलं. छपाईचं काम मुक्तीमधल्या बायकाच करत. रमाबाई 1922 मध्ये वारल्या, संपूर्ण बायबल 1924 मध्ये छापून निघालं. सिल्चरला सापडलेल्या एका पुस्तकाने केवढं काम मागून घेतलं!

म्हणून मला वाटतं, आवडतं पुस्तक ओळखायची खूण हीच : ते मिटल्यावर आपल्याला कोणाचा तरी चेहरा आठवतो. सोसायटीत एकट्या राहणाऱ्या आजी, घरकाम करणाऱ्या ताई, टीममधला नवा मुलगा. त्यांच्यासाठी काही करावंसं वाटलं, तर ते पुस्तक तुमचं झालं.

अजून ठरत नसेल तर हे करून पाहा :

1. एकच पुस्तक घ्या. लूकचे 24 अध्याय आहेत. रोज एक, म्हणजे 24 दिवस.
2. आवडलेल्या ओवीखाली रेघ मारा. पण जी ओवी पटकन ओलांडून जावीशी वाटली, तिच्यावरही खूण करा.
3. शेवटी त्या दुसऱ्या खुणा पुन्हा वाचा आणि त्यातली एक गोष्ट त्याच आठवड्यात करा.

प्रार्थना : हे प्रभू, तुझ्या वचनातून आम्हांला धीर मिळतो, त्यासाठी तुझे आभार. ते आमच्याकडून जे मागतं, तेही द्यायला आम्हांला शिकव. आमेन.