याद आणि यादी

आजच्या पाठाची सुरुवात एका शब्दाने करू या. उर्दूत 'याद' म्हणजे आठवण, हे तुम्हांला कोणी शिकवायला नको. मराठीने हा शब्द फारसीतून घेतला, त्याला एक दीर्घ ई जोडली, हातात पिशवी दिली आणि त्याला बाजारात पाठवून दिले. झाली 'यादी'! साखर दोन किलो, तूरडाळ एक किलो, चहापत्ती पाव किलो. जे डोक्यात राहणार नाही ते कागदावर लिहायचे. असाच गोंधळ 'दप्तर' या शब्दाचा. उर्दूत 'दफ्तर' म्हणजे कचेरी, आणि मराठीत दप्तर तुमच्या पाठीवर असते. म्हणून एखादा मराठी मुलगा "मी दप्तर घरी विसरलो" असे म्हणाला तर घाबरू नका. त्याने कचेरी हरवलेली नसते.

मोठ्या माणसांचे आयुष्य याद्यांवर चालते. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला चार याद्या चिकटवल्या आहेत. एक किराण्याची, एक बिलांची, एक मुलीच्या शाळेची आणि एक दुरुस्त्यांची. दुरुस्त्यांच्या यादीत पहिले वाक्य आहे, 'नळ गळतो'. ही यादी तीन वर्षांपूर्वीची आहे. नळ अजून गळतो, पण यादी मात्र अगदी व्यवस्थित आहे. लहानपणी मला वाटायचे, मोठे झाले की मनासारखे वागता येईल. आता कळते की मनासारखे वागणे हे काम यादीत पाचव्या क्रमांकावर असते आणि चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचेतो रविवार संपतो.

पण प्रत्येक घरात आणखी एक यादी असते, आणि ती कोणीच लिहून ठेवत नाही. घरातल्या कोणत्या वस्तू कधीही फेकायच्या नाहीत, याची ती यादी. माझे सासर नांदेडला देगलूर नाक्याजवळ आणि माहेर लातूरला. दोन्ही घरांना माळा आहे. रमजानच्या आधी साफसफाई निघाली की माळ्यावरचे सगळे खाली येते, अंगणात दोन दिवस ऊन खाते आणि तिसऱ्या दिवशी जसेच्या तसे वर जाते.

आमच्या मुलीच्या अब्बांचे एक खोके आहे. त्यात अकरा चार्जर आहेत. त्यांतला एकही आज कोणत्याच फोनला लागत नाही. मी विचारले की उत्तर ठरलेले, "असू दे, कधीतरी लागेल." माझ्या मते 'कधीतरी' हा मराठीतला सर्वांत आशावादी शब्द आहे. गल्लीत भंगारवाल्याची हाक आली की ते चुकून त्या खोक्यावर बसलेले सापडतात. चार्जरांच्या बाबतीत मी भंगारवाल्याच्या बाजूने आहे, हे इथे स्पष्ट सांगते.

माझ्या सासऱ्यांच्या वस्तूंना मात्र मी हात लावत नाही. त्यांच्याकडे एच.एम.टी.चे एक घड्याळ आहे. ही सरकारी कंपनी १९५३ साली स्थापन झाली. १९६१ पासून बंगळूरच्या कारखान्यात जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने तिची मनगटी घड्याळे तयार होऊ लागली. एके काळी नोकरी लागली, निकाह झाला किंवा माणूस निवृत्त झाला, की मनगटावर एच.एम.टी. येत असे. २०१६ साली सरकारने घड्याळांचा हा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. अब्बाजींचे घड्याळ मात्र त्या निर्णयाला मानत नाही. रोज सकाळी ते त्याला चावी देतात. घड्याळ दहा मिनिटे चालते आणि थांबते. तेवढ्या वेळात अब्बाजींचा चहा पिऊन होतो. त्यांच्या मते घड्याळ ठीक आहे, लोकच फार वेळ चहा पितात.

त्यांच्या कपाटात रेडिओचा परवानाही आहे. हो, रेडिओ ऐकायला परवाना लागत असे! दरवर्षी टपाल कचेरीत पैसे भरायचे आणि छोट्या पुस्तिकेत नोंद करून घ्यायची. १९८०च्या दशकात ही पद्धत बंद झाली. अब्बाजींचा रेडिओ केव्हाच मोडीत गेला. परवाना मात्र डांबराच्या गोळ्यांबरोबर सुखात आहे. "रेडिओ कुठे आहे?" असे उद्या कोणी विचारले तर आम्ही सांगू शकणार नाही, पण तो कायदेशीर होता हे नक्की सिद्ध करू शकू.

आता लातूरकडे चला. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांतल्या एका रस्त्याने आत गेले की माझे माहेर लागते. तिथल्या माळ्यावर माझ्या दादीची पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात चांदीचा एक रुपया आहे. त्याच्यावर चारमिनार आहे आणि चारमिनारच्या कमानीत एक छोटे अक्षर आहे, 'ऐन'. तुम्हांला ते लगेच वाचता येईल. हे उस्मान अलींच्या नावातले पहिले अक्षर. नांदेड आणि लातूर हे भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तिथे स्वतःचे नाणे चालत असे, त्याला 'हाली सिक्का' म्हणत. हाली सिक्क्याचे सात रुपये दिले की इंग्रजी अमलातले सहा रुपये मिळत. म्हणजे सोलापूरला माल आणायला निघालेल्या आपल्याकडच्या व्यापाऱ्याला आधी सात आणि सहाचा हिशोब पाठ करावा लागे. तुम्हांला त्रैराशिक अवघड वाटते ना? त्या काळी ते परीक्षेत नव्हे, रोजच्या बाजारात येत असे.

दादीला हा रुपया निकाहानंतर मुँहदिखाईत मिळाला होता. तिने त्याला भोक पाडून घेतले आणि काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला. एकदा अब्बांनी तो सराफाला दाखवला. सराफ म्हणाला, "भोक नसतं तर चांगली किंमत आली असती." अब्बांनी घरी येऊन दादीला हे सांगितले, तेव्हा ती हसली. "अरे, भोक नसतं तर हा राहिलाच नसता. बहात्तरच्या दुष्काळात बाकीचे सगळे गेले. याला भोक होतं, गळ्यात होता, म्हणून वाचला."

१९७२चा दुष्काळ तुम्ही इतिहासात वाचाल. आमच्या घरी तो त्या भोकातून पाहता येतो.

त्याच ट्रंकेत एक फोटो आहे. एका ओळीत सात माणसे उभी आहेत. दादीला सातही नावे ठाऊक होती. आज घरात चौघांचीच नावे सांगता येतात. उरलेले तिघे मोठ्या ऐटीत उभे आहेत. एकाच्या हातात छडी आहे, एकाने शेरवानीची सगळी बटणे लावली आहेत. ते आपले कोण, हे सांगणारे आता कोणी नाही. तुमच्या घरी असा फोटो असेल तर आजच दादी-नानीजवळ बसा आणि मागच्या बाजूला नावे लिहा. बॉलपेनने लिहू नका, दाब पडून पुढे वळ उमटतो. मऊ पेन्सिलने हलक्या हाताने लिहा. हा या पाठाचा गृहपाठ समजा. एरवी मी गृहपाठ तपासायला कंटाळते, पण हा तपासणार आहे.

कागदांचे नशीब तर फारच विचित्र. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. मराठवाड्यातल्या निजामकाळातील जुन्या कागदपत्रांत 'कुणबी' अशा नोंदी शोधायच्या होत्या. निजामाच्या राज्यात सरकारी कामाची भाषा उर्दू. त्यामुळे उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. गावोगावच्या पेट्या उघडल्या. जे कागद घरात कोणालाच वाचता येत नव्हते, तरी तीन पिढ्यांनी फेकले नव्हते, ते बाहेर आले.

माझे अब्बा निवृत्त शिक्षक आहेत. घसट्या हातातली जुनी उर्दू त्यांना वाचता येते. औशाकडच्या एका गावातून एक शेतकरी काका त्यांच्याकडे आले. धोतराच्या फडक्यात, त्याच्या आत प्लास्टिकमध्ये आणि त्याच्या आत वर्तमानपत्रात एक कागद गुंडाळलेला होता. बरोबर दोन मुलगे, एक पुतण्या आणि मोठी आशा. अब्बांनी चष्मा पुसला. कागदावर १३५२ फसली असे वर्ष होते. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन मिळते, म्हणजे १९४२-४३. सगळे श्वास रोखून बसले. अब्बांनी वाचायला सुरुवात केली आणि थांबले. ती एका बैलाच्या खरेदीची पावती होती. माळेगावच्या जत्रेत घेतलेला बैल. माळेगाव म्हणजे आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातले, खंडोबाच्या यात्रेचे. आजही तिथे जनावरांचा मोठा बाजार भरतो.

मुलगे हिरमुसले. काकांनी मात्र विचारले, "बैलाचं काही लिहिलंय का, गुरुजी?"

लिहिले होते. रंग पांढरा, कपाळावर तांबूस ठिपका, डावे शिंग खाली वळलेले.

काका एकदम उभे राहिले. "हाच तो! माझा आज्जा रोज या शिंगाची गोष्ट सांगायचा. आम्हांला वाटायचं म्हातारा बंडल मारतो." त्यांनी कागद पुन्हा वर्तमानपत्रात, प्लास्टिकमध्ये आणि फडक्यात गुंडाळला. आले होते त्यापेक्षा जास्त जपून नेला. तुम्ही उर्दू वाचता आणि आता मराठीही वाचता. उद्या असा कागद तुमच्यासमोर येऊ शकतो. तेव्हा बैलाचे शिंग वाचायला विसरू नका.

आता शेवटची वस्तू. ती माझ्याच स्वयंपाकघरात आहे. तांब्याची एक देगची, तिच्या पोटाला तळहाताएवढा पोचा. ती माझ्या अब्बांच्या फूफीची. आम्ही सगळी मुले तिला फूफीदादी म्हणायचो. किल्लारीजवळच्या एका खेड्यात तिचे माळवदाचे घर होते. दगड आणि मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा थर. उन्हाळ्यात असे घर थंडगार राहते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे असताना, भूकंप झाला. आदल्या दिवशीच्या गणेश विसर्जनामुळे पुष्कळ लोक उशिरा झोपले होते. जड भिंती आणि जड छपरे झोपलेल्या माणसांवर पडली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सात हजारांहून जास्त माणसे गेली. फूफीदादीच्या घरात रात्री पाच माणसे झोपली होती. सकाळी दोन उरली.

ढिगाऱ्यातून जे निघाले त्यात ही देगची होती. पोचा तुळईने पडला की दगडाने, हे कोणालाच ठाऊक नाही. अंधार होता. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये राहायची वेळ आली, तेव्हा त्या ओळीतल्या कितीतरी घरांचा भात याच देगचीत शिजला. ज्यांच्याकडे भांडे नव्हते ते तांदूळ घेऊन यायचे. त्यात हिंदू होते, मुसलमान होते. चूल एक होती.

तांब्याच्या भांड्याला आतून कल्हई लागते, नाही तर आंबट पदार्थ कळकतो. कल्हईवाला भांडे निखाऱ्यावर तापवतो, त्यात नवसागर टाकतो, पांढरा धूर निघतो, मग कथील लावून कापसाच्या बोळ्याने सर्रकन फिरवतो. बघता बघता भांडे आतून चांदीसारखे होते. दरवर्षी कल्हईवाला फूफीदादीला विचारायचा, "पोचा ठोकून काढू का? पाच मिनिटांचं काम आहे." ती नाही म्हणायची. एकदा माझ्या अब्बांनीच तिला समजावले की फुकट काढून देतो आहे, काढून घे. ती म्हणाली, "माझ्याजवळ त्यांचा एकही फोटो नाही, बेटा. हाच फोटो आहे."

फूफीदादी गेल्यावर देगची लातूरला आली आणि तिथून एसटीने माझ्या मांडीवर बसून नांदेडला. ईदला तिच्यात शीरखुर्मा होतो. इतवाऱ्यातला कल्हईवाला हुशार आहे. पोचा काढू का, असे त्याने एकदाच विचारले. आता विचारत नाही. पोच्यात बोळा नीट फिरत नाही, कथील जास्त लागते, असे म्हणून तो वीस रुपये वाढवून मागतो. आम्ही देतो.