मालमोटारीच्या रेडिएटरची तडकलेली प्लॅस्टिक टाकी : दुरुस्ती की बदल ?

भिवंडी तालुक्यातील अकलोली हे गाव तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरीजवळ वसलेले असून तेथील गरम पाण्याची कुंडे सर्वपरिचित आहेत. या परिसरातील शेतकऱ्यास आपला भाजीपाला भिवंडी, कल्याण, वसई किंवा तुर्भे येथील बाजारात पहाटेच्या सुमारास पोहोचवावा लागतो. अशा वेळी वाटेत गाडी तापून उभी राहिली, तर माल कोमेजतो व भाव हातचा जातो. आणि तापलेली गाडी तशीच हाकली, तर इंजिनाचे हेड वाकते व मालाच्या किमतीच्या अनेक पट खर्च येतो. या हानीचे मूळ पुष्कळदा रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीवरील एका बारीक भेगेत असते.

रचना व तडकण्याची कारणे

पूर्वीचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. त्यांची टाकी गळू लागल्यास मिस्त्री डाख लावून ती बंद करीत असे. आताच्या बहुतेक रेडिएटरची जाळी अॅल्युमिनियमची व टाकी काचतंतुमिश्रित नायलॉनची असते. टाकी व जाळी यांमध्ये रबरी गॅस्केट असते आणि जाळीच्या पट्टीचे दाते टाकीच्या कडेवर दाबून सांधा घट्ट केलेला असतो. या टाकीस डाख लागत नाही.

रोज तापणे व निवणे यांमुळे नायलॉन हळूहळू ठिसूळ होते. जुने कूलंट, बिघडलेल्या झाकणामुळे वाढलेला दाब आणि झिजलेल्या रबरी बैठकांमुळे बसणारे हादरे यांनी भेग लवकर पडते. टाकीवर वाळलेल्या कूलंटचा पांढरट अथवा रंगीत डाग दिसणे, इंजिनाजवळ गोडसर वास येणे व पातळी वारंवार उतरणे ही तिची लक्षणे होत. गळती भेगेतून आहे, सांध्यातून आहे की झाकणातून आहे, हे प्रथम निश्चित करावे. कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

वाटेत गळती आढळल्यास

गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. झाकण मुळीच उघडू नये. कुंडातील गरम पाणी अंगाला सोसते, त्यावरून रेडिएटरमधील पाण्याचा अंदाज करणे घातक होय. वातावरणाच्या दाबाइतका जादा दाब असता पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. झाकण निघून दाब सुटताच ते एकदम उसळते व तोंड-हात भाजतात. वरचा होज पाइप हातास थंड लागेपर्यंत थांबावे. नंतर जाड फडके धरून झाकण सावकाश सैल करावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, त्याने हेड तडकण्याचा संभव असतो.

तात्पुरती दुरुस्ती

कूलंट काढून टाकी कोरडी करावी. भेगेच्या दोन्ही टोकांस सुमारे २ मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे भेग पुढे सरकत नाही. भोवतालचा भाग पॉलिशपेपरने खरबरीत करून त्यावर काचतंतूचे कापड व उष्णता सोसणारे इपॉक्सी लावावे आणि वेष्टनावर दिलेला वेळ पूर्ण वाळू द्यावे. प्लॅस्टिक वेल्डिंगही करतात. परंतु ठिसूळ झालेल्या टाकीवर ते फार काळ टिकत नाही. असा जोड गाडी रिकामी करून गॅरेजपर्यंत नेण्यापुरताच समजावा. त्याच्या भरवशावर माल भरून घाट चढू नये.

टाकी बदलणे

जाळी निरोगी असल्यास केवळ टाकी बदलता येते. मात्र दाते तुटलेले असतील, जाळीच्या पट्ट्या कुजून गळत असतील किंवा नळ्या क्षारांनी भरल्या असतील, तर संपूर्ण रेडिएटर बदलणेच अंती स्वस्त पडते.

१. थंड इंजिनातील कूलंट भांड्यात काढावे. ते विषारी असून गोडसर चवीमुळे गुरे व कुत्री ते पितात. म्हणून ते शेतात, ओढ्यात वा विहिरीजवळ ओतू नये.

२. होज पाइप, पंख्याचे कवच व बैठका सोडवून रेडिएटर बाहेर काढावा.

३. दाते टाकी निघण्यापुरतेच उचलावेत. अॅल्युमिनियम वारंवार वाकविल्यास तुटते.

४. खाच स्वच्छ करून नवे गॅस्केट बसवावे. जुने पुन्हा वापरू नये.

५. नवी टाकी सर्व बाजूंनी सारखी दाबून धरावी व समोरासमोरचे दाते जोडीजोडीने पकडीने दाबावेत.

६. तोंडे बंद करून रेडिएटर पाण्यात बुडवावा व झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकीच हवा भरावी. बुडबुडे न आल्यास सांधा पक्का समजावा.

रेडिएटर गाडीवर बसवून कूलंट सावकाश भरावे, अडकलेली हवा काढावी आणि इंजिन तापून निवल्यावर पातळी पुन्हा पाहावी.

पुढील काळजी

गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट शुद्ध, ऊर्धपातित पाण्यात मिसळून वापरावे व ठरलेल्या मुदतीत बदलावे. कुंडाचे किंवा कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी नेहमीसाठी भरू नये ; त्याने नळ्यांत थर बसतो व अॅल्युमिनियम खाल्ले जाते. टाकी बदलताना झाकण व झिजलेल्या रबरी बैठकाही नव्या घालाव्यात. भाताचा पेंढा वाहिल्यानंतर जाळीत अडकलेला भुसा इंजिनाच्या बाजूने सौम्य धारेने धुवावा. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा चुकीची आहे.

बैल जुंपण्यापूर्वी शेतकरी जसे जू व खूर पाहतो, तसे माल भरण्याच्या आदल्या सायंकाळी, इंजिन थंड असता, कूलंटची पातळी व टाकीची कड पाहण्याची सवय लावून घ्यावी. या पाच मिनिटांच्या पाहणीने महिन्यांचे कष्ट वाटेत वाया जाण्याचे टळतात.