टोपण काढले का?

प्रस्तावना

आज मोबाइलवर छायाचित्र काढणे प्रत्येकाला जमते. एक चित्र बिघडले तर क्षणात दुसरे काढता येते. फिल्मच्या कॅमेऱ्यात एका रिळावर साधारणपणे ३६ चित्रे मावतात आणि ती कशी आली हे फिल्म धुतल्यावरच कळते. असा जुना कॅमेरा कसा पारखावा, कसा वापरावा आणि तो वापरताना लेखिकेकडून कोणती चूक झाली, हे या पाठात वाचा.

पाठ

आमचे घराणे तंजावरचे. भोसल्यांचे तंजावर राज्य १८५५ मध्ये खालसा झाले आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५८ मध्ये, लिनियस ट्राइप या छायाचित्रकाराने मद्रास सरकारसाठी तेथील बृहदीश्वर मंदिराची चित्रे घेतली. त्या गावातील जुने वाडे, जुनी माणसे आपणही टिपून ठेवावीत, असे मला चेन्नईत राहायला आल्यापासून वाटे. त्या ओढीनेच मी एक जुना झोर्की-४ कॅमेरा विकत घेतला.

झोर्की हा सोव्हिएत संघात तयार झालेला रेंजफाइंडर, म्हणजे अंतरमापी कॅमेरा. याच्या दर्शनी बाजूस दोन लहान खिडक्या असतात. दोन्ही खिडक्यांतून येणाऱ्या प्रतिमा डोळ्याला एकावर एक दिसतात. समोरच्या माणसाचे नाक प्रथम दोन ठिकाणी दिसते. भिंगाभोवतीचे कडे फिरवत गेले की एक प्रतिमा सरकत दुसरीवर येऊन बसते. दोन्ही एकरूप झाल्या की अंतर जुळले असे समजावे. ही यंत्रणा भिंगाला जोडण्याची सोय १९३२ च्या लायका कॅमेऱ्यात करण्यात आली. झोर्की त्याच परंपरेतला.

असा कॅमेरा घेताना बाहेरच्या चकाकीवर भुलू नये. चेन्नईची हवा दमट आहे. बंद कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या भिंगाच्या आत बुरशी धरते. भिंगातून विजेरीचा प्रकाश आरपार टाकला की ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. त्यानंतर भिंगाचे कडे अनंताच्या खुणेवर ठेवून मरीनाच्या दीपस्तंभासारख्या दूरच्या वस्तूकडे पाहावे. तेथे दोन प्रतिमा जुळल्या पाहिजेत. मग एक मीटर अंतर टेपने मोजून जवळची वस्तू पाहावी. शेवटी भिंग व मागचे झाकण काढून कापडी पडदा उजेडासमोर धरावा. त्यात सुईच्या टोकाएवढे छिद्र असले तरी प्रत्येक चित्रावर पांढरा ठिपका उमटतो.

हे छिद्र पडते कसे, हेही समजून घ्या. या कॅमेऱ्यात भिंगामागे आरसा नसतो. कॅमेरा उन्हात सूर्याकडे तोंड करून राहिला, तर भिंग सूर्यकिरण एकवटून पडदा जाळू शकते. म्हणून काम नसताना भिंगावर टोपण घालणे आवश्यक आहे. मी हा नियम कसोशीने पाळत असे.

एका पोंगलला माझी वृद्ध आत्या तंजावरहून मैलापूरला आमच्या घरी आली. ती सहसा चित्र काढू देत नसे. त्या दिवशी मात्र नऊवारी नेसून ती आपण होऊन ओसरीवर बसली आणि म्हणाली, "काढ बाई, पण लवकर. कुठल्या खिडकीत पाहू?" मी प्रकाशाचा हिशेब केला. ४०० वेगाची फिल्म असेल तर रखरखीत उन्हात छिद्र १६ व वेग १/५०० सेकंद ठेवावा. सावलीत त्याच वेगाला छिद्र ५.६ पर्यंत उघडावे. अंतर जुळवले. आत्याचा चेहरा खिडकीत स्वच्छ दिसत होता. मी पाच चित्रे घेतली.

फिल्म धुऊन आली तेव्हा त्या पाच जागी नुसती पारदर्शक पट्टी होती. टोपण भिंगावरच राहिले होते. या कॅमेऱ्यात पाहण्याची खिडकी वेगळी आणि चित्र टिपणारे भिंग वेगळे. त्यामुळे भिंग झाकलेले असले तरी समोरचे सारे दिसत राहते. कॅमेऱ्यात दोष नव्हता. दोष माझ्या घाईचा होता. पुढच्या पोंगलपर्यंत आत्या राहिली नाही.

गेल्या वर्षी माझा भाचा असाच कॅमेरा घ्यायला निघाला. मी त्याच्याबरोबर गेले. त्याने विजेरी धरून भिंग पाहिले, पडदा पाहिला, अंतर मोजले. "मावशी, सगळे ठीक आहे. आता काय शिकायचे राहिले?" त्याने विचारले. घरी आल्यावर मी ती जुनी पट्टी त्याच्या हातात दिली. त्याने ती उजेडासमोर धरली. तिच्यातून पलीकडची ओसरी दिसत होती. आत्या मात्र कोठेच नव्हती. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने कागदाचा एक चिठोरा घेतला, त्यावर "टोपण काढले का?" असे लिहिले आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर चिकटवला.

शब्दार्थ

खालसा होणे – राज्य दुसऱ्या सत्तेच्या ताब्यात जाणे
विजेरी – बॅटरीवर चालणारा हातदिवा
एकवटणे – एका जागी गोळा होणे
कसोशीने – काटेकोरपणे
चिठोरा – कागदाचा लहान तुकडा

स्वाध्याय

१. भिंग झाकलेले असूनही लेखिकेला आत्याचा चेहरा स्वच्छ कसा दिसला?
२. टोपणामुळे होणारा लाभ आणि हानी प्रत्येकी दोन वाक्यांत लिहा.
३. 'दोष माझ्या घाईचा होता' या वाक्यातून लेखिकेच्या स्वभावाचा कोणता गुण दिसतो?
४. भाच्याच्या प्रश्नाला लेखिकेने शब्दांत उत्तर का दिले नसावे? तुमचे मत लिहा.
५. तुमच्या घरातील एका जुन्या छायाचित्राविषयी वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवा व दहा ओळींत लिहा.