इंग्रजी स्पेलिंग : काही शंका, काही उत्तरे

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला उतारा वाचताना 'आयलंड' हा शब्द मी 'इस्लंड' असा वाचला आणि सारा वर्ग हसला. पुढे दोन महिने मी वर्गात तोंड उघडले नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पोलादपूरहून एस. टी.ने महाडला येताना रोज वाटे, इंग्रजी आपल्यासाठी नाहीच. माझ्याबरोबर येणाऱ्या एका मैत्रिणीने तर याच धास्तीने कॉलेज सोडले. तेव्हा या शब्दांच्या मुळाशी जायचे मी ठरवले. जी उत्तरे सापडली, ती माझ्यासारख्याच विद्यार्थी मित्रमैत्रिणींसाठी देत आहे.

'आयलंड'मध्ये एस कशासाठी?

वास्तविक तो तेथे नकोच होता. जुन्या इंग्रजीत या शब्दात एस नव्हता. बेटालाच 'आइल' असा दुसरा एक शब्द आहे. त्याचे मूळ लॅटिन 'इन्सुला', म्हणून त्यात एस. दोन्ही शब्द एकाच मुळाचे समजून तो 'आयलंड'मध्येही घातला गेला. कर्ज या अर्थाच्या 'डेट' शब्दातील बीचेही असेच. शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. लॅटिन 'डेबिटम'शी नाते दिसावे म्हणून पंडितांनी तो मागाहून जोडला. म्हणजे मी चुकले खरी, पण माझ्याआधी पंडितही चुकले होते!

'नाइफ'मधला के मुका का?

पूर्वी तो मुका नव्हता, त्याचा स्पष्ट उच्चार होत असे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना काढला. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू स्थिरावले, बोलणे मात्र बदलत राहिले. जाणणे या अर्थाच्या 'नो' शब्दातला मुका के आणि आपल्या 'ज्ञान'मधला ज हे तर एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत.

असे फक्त इंग्रजीतच आहे का?

नाही. 'ज्ञान' आपण ज आणि ञ जोडून लिहितो, पण म्हणतो 'द्न्यान'. जुन्या मराठी पुस्तकांत 'नांव', 'कांहीं' अशा शब्दांवर न उच्चारले जाणारे अनुस्वार दिसतात. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते काढून टाकले. इंग्रजीत असा निर्णय सर्वांसाठी घेणारी संस्थाच नाही, म्हणून तेथील मुकी अक्षरे टिकून राहिली.

इंग्रजांचे स्पेलिंग पहिल्यापासून पक्के होते का?

याचे उत्तर आपल्या महाड तालुक्यातच मिळते. १६७४ मध्ये शिवराज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रजांचा वकील रायगडावर आला होता. त्या काळच्या इंग्रजी कागदांत रायगड 'रायरी' म्हणून येतो. महाराजांच्या नावात शेवटच्या 'जी'साठी कोठे जे, तर कोठे जी हे अक्षर आढळते. खुद्द ऑक्झिंडेनचे आडनावही कोठे आय, तर कोठे ई घालून लिहिलेले आहे. सॅम्युएल जॉन्सनचा प्रसिद्ध कोश निघाला तो पुढे १७५५ मध्ये.

'मंगूस'चे अनेकवचन काय?

'गूस' म्हणजे हंसासारखा एक पक्षी, त्याचे अनेकवचन 'गीस'. पण 'मंगूस'चे 'मंगीस' होत नाही, 'मंगूसेस' होते. कारण त्याचा त्या पक्ष्याशी काही संबंध नाही. तो आपल्या शेताच्या बांधावरचा मुंगूस! मराठीतला हा शब्द इंग्रजीत गेला आहे.

मग पाठांतर कसे करावे? नुसती घोकंपट्टी करण्यापेक्षा शब्दाचे नातेवाईक शोधावेत. 'साइन'मधला मुका जी 'सिग्नेचर'मध्ये बोलतो. 'डेट'मधला बी बँकेच्या पासबुकातल्या 'डेबिट'मध्ये ऐकू येतो. एकदा नाते कळले की ते अक्षर सहसा विसरत नाही.

मित्रहो, स्पेलिंग चुकणे म्हणजे बुद्धी कमी असणे नव्हे. चुकले तर 'असे का?' म्हणून खुशाल विचारावे. मी आता विचारते. ही सारी उत्तरे एका वहीत उतरवून मी त्या मैत्रिणीला दिली आहेत. यंदा तिने निदान बाहेरून तरी परीक्षेला बसावे, एवढीच माझी इच्छा आहे.