संत्र्याच्या झाडातील दोन वाटा

नागपूर शहराच्या पूर्व भागात नंदनवन नावाची वस्ती आहे. नंदनवन म्हणजे पुराणातील इंद्राची बाग. आज ही वस्ती घरांनी दाट भरलेली आहे. ज्याला थोडीशी मोकळी जागा लाभली, तो तेथे लिंबाचे, पेरूचे किंवा संत्र्याचे एखादे झाड लावू पाहतो. शहरापासून दूर काटोल व नरखेड या तालुक्यांत, तसेच अमरावती जिल्ह्यातील वरूड व मोर्शी या तालुक्यांत याच संत्र्याच्या विस्तीर्ण बागा आहेत. ‘नागपुरी संत्रे’ या नावाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अंगणातील झाड एकटे असो की बागेतील शेकडो झाडांपैकी एक असो, त्याच्या जगण्याचे नियम एकच आहेत.

संत्रा बागायतदाराचे सर्वांत मोठे दुःख म्हणजे ऐन उत्पन्नात आलेले झाड डोळ्यांदेखत वाळणे. अशा झाडावर पुष्कळदा आधीच्या बहरात नेहमीपेक्षा अधिक फूल आलेले असते. त्यामुळे मालक निर्धास्त राहतो. पुढे पाने पिवळी पडतात, शेंडे वाळतात आणि एकदोन वर्षांत आठदहा वर्षांची मेहनत सरपण होऊन बसते. मग कोणी म्हणते, नजर लागली. कोणी म्हणते, खत कमी पडले. खरे कारण बहुधा खोडाच्या सालीत, जमिनीलगत असते. ते समजण्यासाठी झाडाची अंतर्रचना थोडी जाणून घेतली पाहिजे.

मूळ

मुळांची कामे तीन. झाडाला जमिनीत घट्ट धरून ठेवणे, जमिनीतील पाणी व त्यात विरघळलेली अन्नद्रव्ये शोषून घेणे आणि काही अन्न साठवून ठेवणे. जाड मुळे आधार देतात व वाहतूक करतात. शोषणाचे काम करणारी मुळे मात्र अगदी बारीक, दोऱ्यासारखी असतात. संत्र्याची अशी बहुतेक तंतुमुळे जमिनीच्या वरच्या हातभर थरातच पसरलेली असतात. बागेत खोल नांगर घातला की ही पिणारी तोंडेच कापली जातात. म्हणून बागेतील मशागत उथळ असावी.

संत्र्याच्या मुळांवर केसासारखे मूलरोम फारच थोडे असतात. ही उणीव मुळांच्या सोबतीने राहणारी एक उपयुक्त बुरशी भरून काढते. ती आपले तंतू मातीत दूरवर पसरवून स्फुरदासारखी अन्नद्रव्ये मुळांना आणून देते व मोबदल्यात झाडाकडून साखर घेते. सेंद्रिय खत घातलेल्या भुसभुशीत जमिनीत हा व्यवहार चांगला चालतो.

मुळे पाणी पितात हे सर्वांना ठाऊक असते. ती श्वासही घेतात, हे मात्र अनेकदा विसरले जाते. जमिनीच्या कणांमधील पोकळ्यांत असलेला प्राणवायू मुळांना लागतो. वऱ्हाड-नागपूरकडील भारी काळी जमीन पावसात फुगते, तिच्या पोकळ्या मिटतात आणि पाणी तुंबते. अशा जमिनीत मुळे गुदमरतात. पाण्यात उभे असलेले झाडही मग तहानलेल्या झाडासारखे मलूल दिसते, कारण गुदमरलेल्या मुळाला पाणी पिण्याचे बळ उरत नाही. ते पाहून कित्येकदा आणखी पाणी दिले जाते आणि दुखणे वाढते. शहरात झाडाच्या बुंध्याला भिडवून सिमेंट ओततात, तेव्हाही मुळांची हवा अशीच तुटते.

खोड

संत्र्याची एक निरुपयोगी फांदी आडवी कापून पाहावी. बाहेर साल व आत लाकूड असे दोन भाग स्पष्ट दिसतात. झाडाच्या दोन मुख्य वाटा याच दोन भागांतून जातात.

पहिली वाट लाकडातून वर जाते. लाकडात अतिशय बारीक नळ्या असतात. त्यांना जलवाहिन्या म्हणतात. मुळांनी घेतलेले पाणी व क्षार या नळ्यांतून पानांपर्यंत चढतात. हे पाणी वर चढविण्यासाठी झाडात कोणताही पंप नसतो. पानांतून पाण्याची वाफ बाहेर पडते आणि तिच्या जागी खालचे पाणी ओढले जाते. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांनी झाडे किती पाणी बाहेर टाकतात याची मोजमापे करून ती १७२७ साली प्रसिद्ध केली. मुळांनी घेतलेल्या पाण्याच्या शंभर भागांपैकी पंचाण्णवाहून अधिक भाग असे वाफेच्या रूपाने निघून जातात, हे आता सर्वमान्य आहे.

दुसरी वाट सालीच्या आतल्या अंगातून जाते. येथील नळ्यांना रसवाहिन्या म्हणतात. पानांत तयार झालेली साखर या वाटेने मुळांकडे, वाढत्या फळांकडे व नव्या फुटीकडे पोहोचते. इटलीतील मार्सेलो माल्पिघी यांनी सतराव्या शतकातच फांदीवरील सालीचे कडे काढून पाहिले. कड्याच्या वरच्या बाजूस फांदी फुगली, खालच्या बाजूस फुगली नाही. वरून येणारे अन्न तेथे अडले होते.

साल व लाकूड यांच्या मधोमध एक अत्यंत पातळ, ओलसर थर असतो. शास्त्रात त्याला ‘एधा’ म्हणतात. हा झाडाच्या वाढीचा थर होय. तो आतील बाजूस नवे लाकूड व बाहेरील बाजूस नवी साल तयार करतो. खोडाची जाडी यानेच वाढते, जखमाही यानेच भरून येतात. मनगटाएवढे खोड कितीही भक्कम दिसले, तरी त्याचा वाढता व अन्न वाहणारा भाग सालीलगतच्या या पातळ पट्ट्यातच असतो.

डोळा बांधण्याचे यशही याच थरावर अवलंबून असते. जंबेरी किंवा रंगपूर लाइम यांच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बसवितात, तेव्हा खुंटाचा व डोळ्याचा वाढीचा थर एकमेकांस भिडला पाहिजे. तो भिडला तरच दोन्हींच्या नळ्या जुळतात. साल लाकडापासून सहज सुटत असेल, तेव्हा हा थर कामात आहे असे समजावे व तेव्हाच डोळा बांधावा. डोळा जमिनीपासून सुमारे २५ सेंटिमीटर उंचीवर असावा आणि कलम लावताना तो कधीही मातीत पुरला जाऊ नये.

पान

झाडाचे अन्न जमिनीत तयार मिळत नाही; ते पानात शिजते. पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाशाच्या बळावर हवेतील कर्बवायू व मुळांकडून आलेले पाणी यांपासून साखर बनविते आणि प्राणवायू बाहेर सोडते. खत हे झाडाचे अन्न नव्हे. अन्न शिजविण्यास लागणारी सामग्री होय.

कर्बवायू आत येण्यासाठी व वाफ बाहेर जाण्यासाठी पानावर सूक्ष्म रंध्रे असतात. संत्र्यात ती मुख्यतः पानाच्या खालच्या बाजूस आढळतात. पाणी कमी पडले की रंध्रे मिटतात. त्याने पाणी वाचते, पण कर्बवायूचे येणेही थांबते व अन्न शिजणे मंदावते.

संत्र्याचे झाड सदाहरित असून त्याचे पान एक वर्षाहून अधिक काळ टिकू शकते. पान हे अन्नाचे कोठारही आहे. म्हणून अवेळी पानगळ झाली तर कारखाना व कोठार दोन्ही जातात. विदर्भात ‘कोळशी’ या नावाने ओळखले जाणारे दुखणे येथेच घाव घालते. काळ्या माशीची पिले पानाच्या खालच्या बाजूस राहून रस शोषतात व चिकट गोड द्रव सोडतात. त्या द्रवावर काळी बुरशी वाढते. पानांवर काजळी धरली की प्रकाश आत पोहोचत नाही. केवळ बुरशी धुऊन भागत नाही. मूळ कारण असलेल्या माशीचा बंदोबस्त करावा लागतो.

ताण व बहर

संत्र्यास मुख्यतः दोन बहर घेतात. आंबिया बहराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात, तर मृग बहराची जून-जुलैत. फुले येण्यापूर्वी पाणी तोडून झाडास ताण देण्याची रीत आहे. त्यामागील कारण झाडाच्या रचनेत सापडते. पाणी कमी झाले की नवी पालवी फुटणे थांबते. वाढीवर खर्च होणारे अन्न फांद्यांत साठू लागते. आंबिया बहरास हिवाळ्यातील थंडीचीही मदत होते. नंतर पाणी मिळताच साठलेल्या अन्नावर झाड फुलते.

ताण म्हणजे उपासमार नव्हे. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी जमिनीत उशिरा. म्हणून दिवस मोजून न थांबता पानांकडे पाहावे. पाने किंचित सुकून फिकी दिसू लागली व थोडीफार गळू लागली की ताण पुरेसा झाला असे समजावे. त्यानंतर पहिले पाणी हलके द्यावे व पुढे ते हळूहळू वाढवावे.

डिंक्या : वाट तुटते तेव्हा

आता आरंभीच्या प्रश्नाचा उलगडा होतो. डिंक्या रोगाची फायटोप्थोरा नावाची रोगकारक बुरशी ओल्या मातीत राहते. तिचे सूक्ष्म बीजाणू पाण्यात पोहू शकतात. बुंध्याशी पाणी साचले किंवा ओली माती सालीस लागून राहिली की ती सालीत शिरते. साल तडकते, डिंक गळू लागतो, आतील भाग तपकिरी होऊन कुजतो. ही कूज बुंध्याभोवती पसरत गेली की माल्पिघी यांनी काढलेल्या सालीच्या कड्यासारखीच स्थिती होते.

लाकडातील वाट चालू असल्याने पाणी वर जात राहते. झाड लगेच सुकत नाही. परंतु पानांतील अन्न खाली उतरत नाही. ते वरच्या भागात अडते, म्हणून झाड अवेळी किंवा अतोनात फुलते व फळे लहान राहतात. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात. खाली मुळे मात्र साठविलेल्या शिदोरीवर जगतात आणि ती संपली की मरतात. मुळे मेली की पाण्याची वाटही बंद होते. अशा झाडावर अचानक आलेला भरघोस बहर हे पुष्कळदा सुदैव नसून धोक्याची सूचना असते. बहर पाहून आनंद मानण्यापूर्वी बुंध्याजवळची माती सारून साल पाहावी.

साल पोखरणारी अळी, खोडास गुंडाळलेली व पुढे सालीत रुतलेली तार, बुंध्यास बांधलेल्या बैलाच्या दोराचे घर्षण ही सर्व याच वाटेचे शत्रू होत.

उपाय

पाणी बुंध्यास लागू नये म्हणून दुहेरी आळे करावे. खोडाभोवती लहान आळे करून ते कोरडे ठेवावे व पाणी बाहेरच्या आळ्यात द्यावे. खोडाशी मातीचा किंचित उंचवटा ठेवावा, पण डोळ्याचा जोड उघडा राहील याची काळजी घ्यावी. पावसाळ्यापूर्वी बागेत उताराच्या दिशेने चर काढावेत.

पावसाळ्याच्या आधी व नंतर खोडास सुमारे एक मीटर उंचीपर्यंत बोर्डो मलम लावावे. त्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १० लिटर पाणी घ्यावे. मोरचूद व चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावेत. लोखंडी भांडे वापरू नये. मिश्रणात लोखंडी पाते थोडा वेळ बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असे समजून आणखी घालावा. डिंक गळत असेल तेथील कुजलेली साल स्वच्छ चाकूने खरवडून मग मलम लावावे. खरवडलेली साल बागेत न टाकता जाळावी.

फळे काढल्यावर वाळलेल्या फांद्या, म्हणजेच सल, जिवंत भागाच्या थोड्या आतपर्यंत कापावी. खुंटावर डोळ्याच्या जोडाखालून निघालेली फूट दिसताच काढावी. ती खुंटाची असते व संत्र्याचे अन्नपाणी पळविते. नवी कलमे विश्वासू व रोगमुक्त रोपवाटिकेतूनच घ्यावीत. लिंबूवर्गीय फळांच्या संशोधनासाठी १९८५ साली नागपुरात राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. ते आज केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या नावाने ओळखले जाते. शंका आल्यास तेथील सल्ला घेता येतो.

गावात दाखविण्याजोगी प्रात्यक्षिके

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी पुढील प्रात्यक्षिके शेतकऱ्यांसमोर करावीत. त्यांस खर्च जवळजवळ नाही.

१. तेरड्याची कोवळी फांदी लाल शाई घातलेल्या पाण्यात ठेवावी. काही तासांत खोडातील रेषा लाल होतात. ही पाण्याची वाट.

२. झाडावरील पानांच्या डहाळीवर प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी घट्ट बांधून उन्हात ठेवावी. आत पाण्याचे थेंब जमतात. पाने पाणी बाहेर टाकतात याचा हा पुरावा.

३. छाटून टाकावयाच्या एखाद्या फांदीवरील सालीचे बोटभर रुंदीचे कडे काढावे व काही आठवड्यांनी पाहावे. कड्याच्या वरची कड फुगलेली आढळते. ही अन्नाची वाट. हा प्रयोग मुख्य खोडावर कधीही करू नये.

ही तीन प्रात्यक्षिके पाहिलेल्या शेतकऱ्यास खोडाची निगा का राखावयाची हे निराळे सांगावे लागत नाही. बागेतील कोणतेही काम हाती घेताना त्याने एकच कसोटी लावावी: मुळांना हवा मिळते काय, पाणी वर चढते काय आणि अन्न खाली उतरते काय? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल, तर काम योग्य दिशेने चालले आहे. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी बसून साल तपासण्यास फार वेळ लागत नाही. मेलेल्या झाडाच्या जागी नवे झाड लावून ते फळावर येण्यास मात्र कित्येक वर्षे जातात.