पंप बदलण्याआधी

आमच्या रेक्टर सरांची जुनी हॅचबॅक तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. मेसच्या मागे उभी असते ती. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती सुरूच होईना. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं झकास, पण स्टार्ट काही व्हायचं नाही. बाहेरच्या मेकॅनिकने "पंप गेला, टाकी उतरवावी लागेल" असा निकाल दिला. सरांना आईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, त्यामुळे पंपाचे पैसे त्यांनी काढूनही ठेवले होते. वर्कशॉपचे काका म्हणाले, "सर, एक दिवस द्या. पोरांना घेऊन बघतो."

त्या एका दिवसात जे शिकलो ते इथे मांडतो.

स्पार्क तपासला, व्यवस्थित होता. किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पंपाची दोनेक सेकंद घरघर येते, तीही आली, पण मरगळलेली. अजिबात आवाज आला नसता तर आधी फ्यूज आणि रिले पाहिला असता. मग फ्यूएल रेलवर प्रेशर गेज लावला. रेलमध्ये दाब शिल्लक असतो, म्हणून जॉइंट फडक्याने गुंडाळूनच सैल करायचा. गाडी उघड्यावर, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, आणि सिगारेटवाले मित्र शंभर फूट लांब! यात चेष्टा नाही.

या प्रकारच्या एमपीएफआय गाडीत साधारण ३ बार दाब हवा (नेमका आकडा आपापल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघावा. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत मात्र पाव बारच्या आसपास पुरतो, तिथे हा हिशेब लावू नका). आमचा काटा सेल्फ मारताना १.२ वर अडकला.

आता फ्लुइड मेकॅनिक्स आठवा. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. १.२ भागिले ३ म्हणजे ०.४, त्याचं वर्गमूळ ०.६३. म्हणजे पेट्रोल ६३ टक्केच! जुन्या ईसीयूला रेलमधला दाब कळत नाही, तो इंजेक्टर नेहमीइतकाच वेळ उघडतो. थंड इंजिनला उलट जास्तीचं पेट्रोल लागतं, शिवाय कमी दाबाने फवारा जाड पडतो. मग पेटणार कसं?

पण दाब कमी म्हणजे पंप खराब, असं होत नाही. दाब तीन ठिकाणी हरवू शकतो: पंप जोर देत नाही, फिल्टर तुंबलाय, किंवा रेग्युलेटर पेट्रोल टाकीत परत सोडतोय. काकांनी रिलेच्या जागी जंपर वायर लावून पंप सलग चालवला. गेज १.४. रिटर्नचा रबरी पाइप फडक्यातून पक्कडीने क्षणभर दाबला. रेग्युलेटर दोषी असता तर काटा टुणकन वर गेला असता (चांगला पंप ५ बारच्याही पुढे नेतो, म्हणून नजर काट्यावर ठेवायची). काटा जेमतेम हलला. रेग्युलेटर सुटला. फिल्टर नवा लावला, तरी फरक नाही.

"म्हणजे पंपच की," मी म्हटलं. काका म्हणाले, "अरे, त्याला जेवायला मिळतंय का ते बघ आधी."

मी पंपाचा कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला. १२.२ व्होल्ट. खूश! काका हसले. कनेक्टर काढल्यावर करंटच नाही, तर ड्रॉप कुठून दिसणार? व्ही बरोबर आय आर पहिल्या वर्षापासून घोकतोय, आणि नेमका तिथेच फसलो. कनेक्टर परत जोडून, पंप चालू ठेवून, मागून पिना टेकवल्या: ८.६ व्होल्ट. बॅटरीवर १२.२ होते, म्हणजे ३.६ व्होल्ट वाटेत गडप. त्यातले ०.४ प्लसच्या बाजूला, आणि अर्थच्या पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत तब्बल ३.२! करंट ४ अँपिअर होता, म्हणजे अर्थिंगच्या वाटेत ०.८ ओहम. एवढ्याशा रोधात १३ वॅट नुसते उष्णतेत जात होते. सीटखालच्या अर्थच्या बोल्टला हात लावला तर चांगला गरम. सेल्फ मारताना बॅटरी आणखी खाली येते, तेव्हा तर पंपाची अवस्था विचारू नका.

बोल्ट काढला. खाली गंज आणि जुना रंग. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवीन लग क्रिंप केला, घट्ट आवळून वर ग्रीस लावलं. अर्थचा ड्रॉप ०.१ व्होल्ट, गेज २.९ बार. सेल्फ मारला आणि पहिल्याच फेरीत गाडी सुरू झाली. पोरांनी केलेला आरडाओरडा गर्ल्स हॉस्टेलपर्यंत गेला म्हणतात.

काकांनी गाडी बंद करून गेज तसाच ठेवायला लावला. पाच मिनिटांनी २.६. म्हणजे पंपातला चेक व्हॉल्व्ह, रेग्युलेटर आणि इंजेक्टर दाब धरून आहेत. काटा लगेच शून्यावर आला असता तर टाकी उतरवायची वेळ खरंच आली असती. गेज काढला, जॉइंटवर गळती नाही ना ते टॉर्चने पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सर आईंना घेऊन गेले.