लाइन तुटली की पाठवणी पुन्हा पहिल्यापासून?

प्रश्न : भामरागड तालुक्यातल्या एका संस्थेत मी संगणक परिचालक आहे. रोज रात्री ११ वाजता आमच्या लिनक्स सर्व्हरवरच्या नोंदी आणि स्कॅन केलेले कागद नागपूरला बॅकअपसाठी जातात. सगळ्याची एक झिप फाइल करायची आणि एससीपीने पाठवायची, एवढीच स्क्रिप्ट आहे. पावसाळ्यात लाइन मध्येच जाते, सगळं पहिल्यापासून सुरू होतं आणि आठवडा-आठवडा एकही बॅकअप पूर्ण होत नाही. काय करावं?

उत्तर : पर्लकोटा नदीला पूर आला की आलापल्लीचा रस्ता बंद होतो, म्हणजे हार्डडिस्क घेऊन कुणाला पिटाळायचीही सोय नाही. तेव्हा लाइन तुटणारच असं धरून स्क्रिप्ट लिहा.

एससीपी सोडा, आरसिंक घ्या. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात तो मंद लाइनसाठीच बेतला. पलीकडचा सर्व्हर स्वतःकडच्या जुन्या फाइलचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याचा चेकसम अलीकडे कळवतो. जे तुकडे जुळतात ते पुन्हा पाठवायचे नाहीत.

पण तुमची झिप फाइल इथे आडवी येते. आत एक ओळ बदलली तरी त्यापुढचा दाबलेला मजकूर पार वेगळा होतो, आणि आरसिंकला जुळणारं फारसं काही सापडत नाही. म्हणून झिप न करता फोल्डरच पाठवा. वाटेत दाबून न्यायचं काम झेड हा पर्याय करतो. स्कॅन केलेले जुने कागद बदलत नाहीत, त्यामुळे रोज फक्त नवे जातील. डेटाबेसच्या चालू फाइली मात्र उचलू नका, आधी डंप घ्या. तो दाबायचाच असेल तर जीझिपचा आरसिंकेबल पर्याय याच कामासाठी आहे.

अर्धवट फाइल टिकवायला बरेच जण नुसता पार्शल देतात. त्यात लाइन तुटली तर अर्धी फाइल मूळ नावानेच राहते आणि कालची धड प्रत जाते. पार्शल-डिर द्या, अर्धा माल वेगळ्या फोल्डरात थांबतो. शिवाय टाइमआउट द्याच. तो नसला तर मेलेल्या लाइनवर आरसिंक तासन्‌तास ताटकळत बसू शकतो.

मग अंटिल लूप : आरसिंक शून्य परत देईपर्यंत पाच-पाच मिनिटं थांबून पुन्हा प्रयत्न. लूपला रात्रभराची मर्यादा घाला, नाहीतर पासवर्ड चुकला तरी तो फिरतच राहील. कालची फेरी संपायच्या आत आजची सुरू होऊ नये म्हणून सगळं फ्लॉकखाली चालवा.

आता वीज. चंद्रपूरला २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे खरं, पण तुमच्याकडे रात्री ११ ला दिवा असेलच असं नाही. मशीन बंद असताना हुकलेली फेरी क्रॉन भरून काढत नाही. सिस्टीमडीचा टायमर लावा आणि त्यात पर्सिस्टंट चालू ठेवा. मशीन उठलं की राहिलेलं काम तो आपणहून करतो.

डिलीट हा पर्याय तूर्त नको. डेटाची डिस्क माउंट झालेली नसेल तर इकडचं रिकामं फोल्डर प्रमाण मानून तो नागपूरचंही साफ करेल. पुढे कधी लागलाच तर आधी ड्राय-रन करून काय काय पुसलं जाणार आहे त्याची यादी वाचा, आणि डिस्क माउंट आहे का हे तपासणारी ओळ स्क्रिप्टमध्ये सर्वात वर घाला.